ओल्या भिंतीचा रंग

वरठीत "मंगरू रामटेके कुठं राहतात?" असं विचारलंत तर लोक एकमेकांची तोंडं पाहतील. "मंगरू पेंटर" म्हणा, स्टेशनाबाहेरचा कोणताही ऑटोवाला दारापर्यंत नेऊन सोडेल आणि वाटेत त्याची एखादी गोष्टही ऐकवेल. चाळीस वर्षं या माणसानं भंडारा-तुमसर रस्त्यावरच्या पाट्या रंगवल्या. किराणा, कापड, सायकल दुरुस्ती, खताच्या जाहिराती, ट्रकच्या मागचे मोर, कारखान्याच्या फाटकावरचं 'हेल्मेट घाला'. दुकान कुणाचंही असो, पाटीच्या उजव्या कोपऱ्यात मुंगीएवढं 'मंगरू' असायचंच. मग फ्लेक्स आला आणि चार-पाच वर्षांत त्या सगळ्या पाट्या भंगारात गेल्या. मंगरूनं फ्लेक्सला शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणायचा, "थो छापते. रंग नाही लावत."

माणूस गुणी. पण गुणी माणसांत असतो तसा एक ठार अवगुण त्याच्यातही होता. दुसऱ्याच्या कामाला एका पायावर तयार, आणि घरच्या कामाला "आलोच." जेवायला बोलावलं, आलोच. नळाची तोटी गळते, आलोच. आणि सायकलला डबे अडकवून स्वारी निघून गेलेली असायची. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो या घरात मुक्कामालाच होता. गावभर रंग वाटत फिरणाऱ्या पेंटरनं स्वतःच्या घराच्या भिंतीला कधी कुंचला लावला नाही. ते काम त्याच्या बायकोचं, तुळसाचं.

दरवर्षी पाऊस सरला की, दसऱ्याच्या म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी, तुळसा आतल्या खोलीच्या भिंतीला हात द्यायची. चुना दोन दिवस भिजत घालायची, त्यात तांदळाची पेज, फडक्यात बांधलेली नीळ, आणि मूठभर आणखी काहीतरी, जे तिनं पेंटरनवऱ्याला शेवटपर्यंत सांगितलं नाही. शिंदीच्या काड्या ठेचून रंगवायचा कुचा तीच करायची. भिंत मात्र खालून वर रंगवत जायची. मंगरू हसायचा. "वरून खाली ये व. ओघळ येते अशानं." ती म्हणायची, "खालचं माह्या हाताले पुरते. वरचं तुमी करान." वरचं त्यानं कधी केलं नाही. शेवटी तीच स्टुलावर चढायची.

तो रंग ओला असताना गडद दिसायचा, तलावाच्या खोल पाण्यासारखा. वाळला की पार फिका पडायचा, पारव्याच्या पोटाखालच्या पिसाइतका. चुन्याची रीतच ती.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी वरचा दोन हात पट्टा राहिला होता. तुळसा स्टुलावर चढली आणि म्हणाली, "अजी, जरा स्टूल धरा." मंगरू म्हणाला, "आलोच." आणि मिठाईच्या दुकानाचं एक अक्षर राहिलं होतं ते पुरं करायला गेला. परत आला तेव्हा तुळसा खाली होती, डोकं पाट्या-वरवंट्याच्या दगडाला लागलेलं, कुचा हातात तसाच. तिसऱ्या दिवशी ती गेली. पुण्यानुमोदनाला, म्हणजे तिच्या नावानं करायच्या वंदनेला, पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी मंगरूनं त्या अर्ध्या भिंतीवर एका बैठकीत साय-रंगाचा डिस्टेंपर फासला. स्वतःचं घर त्यानं रंगवलं ते जन्मात तेवढं एकदाच.

त्यानंतर पाच वर्षं घरात तो एकटा. मागल्या वर्षी मुलगी आली. तृप्ती नागपुरात एका कंपनीत वेबसाइट बनवायची, आता तेच काम घरी बसून स्वतःच्या नावानं करू लागली. तिचं टेबल आतल्या खोलीत, डिस्टेंपरच्या भिंतीला लागून. पहिलं मोठं काम मिळालं आंधळगावच्या शकुंतलाबाई परात्यांचं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणणाऱ्या बावीस बायांचा गट, आणि शकुंतलाबाई त्यांची मुखत्यार. साड्या इंटरनेटवरून जायच्या आणि निम्म्या परत यायच्या. फोटोत सोनेरी दिसते, घरी आली की मातकट, असं लोक म्हणायचे. "रंगाचं काही कर, पोरी," शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या. "साडी खोटी नाही. थे दिसते खोटी."

तृप्तीनं पंधरा दिवस डोकं खपवलं. पांढऱ्या पानावर कोसा मळलेला दिसे. काळ्यावर फटाकडा दिसे. करड्यावर तर आजारीच.

मंगरू मागं येऊन उभा राहिला. "पांढऱ्यावर कोसा कायले टाकतेस व?"

"सगळ्या साइट पांढऱ्याच असतात बाबा."

"सगळ्या पाट्याबी फ्लेक्सच असतात." त्यानं स्टूल ओढलं. "हे पाह्य. पाटीवर तीन रंग पायजे. एक हाक मारते, एक बोलते, अन् एक गुमान रायते. लोकं हाक मारनाऱ्यावर जीव टाकते. पाटी चालते थे गुमान रायनाऱ्यावर."

तृप्तीनं चाळीस तासांचा इंग्रजी कोर्स पैसे भरून केला होता. त्यात हेच सांगितलं होतं, फक्त चाळीस तास घेऊन. हाक मारणारा रंग तिनं ठरवला होता, 'विकत घ्या' या बटनाचा, पळसफुलाचा केशरी. बोलणारा, म्हणजे अक्षरांचा, गडद तपकिरी, म्हाताऱ्या डोळ्यांनाही वाचता येईल असा. अडलं होतं ते गुमान राहणाऱ्यापाशी.

"मंग थो कोनता घेऊ?"

मंगरूनं डिस्टेंपरच्या भिंतीकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "होता आपल्या घरी," तो म्हणाला.

तीन दिवस तो अंगणात पत्र्याच्या तुकड्यावर रंग कालवत बसला. रंग पारखायची त्याची जुनी रीत होती. अंगठ्याच्या नखावर ठिपका घ्यायचा, सावलीत पाहायचा, उन्हात पाहायचा, दिवेलागणीला पाहायचा. तिन्ही वेळा तोच वाटला तर खरा. दर वेळी तो मान हलवायचा. "अजून नीळ पायजे." पुन्हा नीळ. पुन्हा नख. "अजून."

खरं म्हणजे त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता, आणि पिकता मोतीबिंदू सगळ्या जगाला चहाच्या पाण्यातून गाळून दाखवतो. पिवळं वाढतं, निळं मरतं. पण चाळीस वर्षं डोळ्यावर जगलेल्या माणसाला ते सांगणार कोण?

तृप्ती एवढंच म्हणाली, "बाबा, आईचा रंग इतका गडद नव्हता."

"तू नागपुरात होती. मी रोज पायत होतो."

तिनं पत्र्याचा फोटो काढला, संगणकाला विचारून रंगाचा नंबर काढला. मंगरूला ती गोष्ट फार आवडली. दुनियेतल्या प्रत्येक रंगाला सहा खुणांचा नंबर असतो आणि तो लिहून ठेवला की रंग हरवत नाही. "सहाच?" तो म्हणाला. "अन् आमी जनम घालवला डबे कालवत."

साइट सुरू झाली आणि बोलती बंद व्हावी असं घडलं. त्या निळ्यावर कोसा खरा दिसू लागला, धानाच्या तणसावर सकाळचं ऊन पडावं तसा. साडी टांगल्यासारखी वाटेना, कुणी खांद्यावर घेतल्यासारखी वाटे. परत येणाऱ्या साड्या थांबल्या. शकुंतलाबाईंनी डबाभर अनारसे पाठवले. लोक साइटवर किती वेळ थांबतात ते तृप्तीला दिसायचं. साधारण माणूस मिनिटभर पाहतो आणि जातो. इथं लोक अकरा-बारा मिनिटं थांबत होते. काहीही न दाबता, पान वरखाली न करता. नुसते पाहत. आधी ती हरखली. मग तिला ते जरा जास्तच वाटू लागलं.

पहिला फोन पुण्याहून आला. एक बाई चिडून म्हणाल्या, "फोटो काढताना मागच्या बाईंना जरा बाजूला व्हायला सांगा हो. काठ नीट दिसत नाही."

"मागं कुणी नाही, मॅडम."

"मला दिसतंय की!"

दुसरा रायपूरहून. गृहस्थ हिंदीत, अगदी आदबीनं म्हणाले, साड़ी बहुत अच्छी है, पर पीछे जो खड़ी हैं वो मुड़ती क्यों नहीं?

तृप्तीनं स्वतःची समजूत घातली. फोटो दाबून लहान केला की रंगात पट्टे पडतात, आणि माणसाचा डोळा पट्ट्यातसुद्धा माणूस शोधतो. तिनं ते मंगरूलाही सांगितलं. सांगता सांगता मध्येच थांबली, कारण साडीच्या मागं फोटो नव्हताच. साडी तिनं फोटोतून कातरून घेतली होती. मागं होता तो एक सपाट रंग, सहा खुणांचा. त्यात पट्टे पडायला जागाच नव्हती.

तिसरा फोन नाशिकच्या निवृत्त शिक्षिकेचा, मंगलाबाईंचा. साडी मिळाली, आवडली, हे सांगायला केलेला. ठेवता ठेवता म्हणाल्या, "एक विचारू का गं? ती बाई केव्हाची हात वर करून उभी आहे. तिचा हात दुखत नाही का?"

भर दुपार होती, बाहेर शेजारणीचा मिक्सर चालू होता. तिनं पान उघडलं आणि डोळे ताणताणून पाहिलं. निळा रंग, साडी, केशरी बटन. बाकी काही नाही.

मंगरूला ती यातलं काही बोलली नाही, कारण त्याच आठवड्यात त्याचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. शिबिरात नाव लागलं होतं. आधी उजवा, महिन्यानं डावा. मंगरू नाही नाही म्हणत गेला आणि दुसऱ्या दिवशी पट्टी उतरवून, काळा चष्मा लावून परत आला. डॉक्टरनं सांगितलं होतं, काही दिवस निळं जास्त दिसेल, घाबरू नका. धूळ, धूर, पाणी डोळ्यात जाऊ देऊ नका. चुनाबिना तर नावच नको.

घरात पाऊल टाकताच त्यानं चष्मा वर केला आणि अंगणातला पत्रा पाहिला.

"हा कोनं लावला?"

"तुमीच."

तो पत्र्याजवळ बसला. एक डोळा झाकून पाहिला, मग दुसरा. डाव्या, जुन्या डोळ्याला तो तुळसाच्या भिंतीचा रंग होता, सहा वर्षं मनात जपलेला, फिका, वाळलेला. उजव्या, नव्या डोळ्याला तो गडद होता. पण परका नव्हता. तोही ओळखीचाच होता.

"तृप्ती, हा तुह्या आईचाच रंग आहे. पण वाळला नाही. हा ओला आहे व. आत्ताच हात मारल्यासारखा."

"मंग काय झालं?"

"भिंत ओली आहे म्हंजे रंगवनारं माणूस तिथंच आहे, असा त्याचा अर्थ होते."

तृप्तीच्या तोंडचा रंग उडाला तो त्याला त्या नव्या डोळ्यानं बरोबर दिसला. मग त्यानं फोनबद्दलचं सगळं तिच्याकडून काढून घेतलं, आणि टेबलाशी जाऊन बसला.

उजव्या डोळ्यानं पाहिलं तेव्हा आधी नुसतं निळं होतं. मग निळ्यातल्या एका जास्त निळ्या जागी त्याला पाठ दिसली. पदर कमरेला खोचलेला. केसांवर चुन्याचे शिंतोडे. उजवा हात वर, वर, जिथवर पोचतो त्याच्याही वर. पायाखाली तीन पायांवर टेकलेलं स्टूल, चौथा पाय अधांतरी. ती हलत नव्हती. मंगरूनं पान खाली ओढलं. साड्या वर सरकल्या, केशरी बटन वर सरकलं, ती जागची हलली नाही. दुसरं पान उघडलं, पत्ता-फोन नंबरचं. तिथंही ती होती. उजवा डोळा झाकला की नाही. उघडला की आहे.

"दिसते?" तृप्तीनं विचारलं.

त्यानं होकारार्थी मान हलवली.

"मले काहून नाही दिसत बाबा?" ती एकदम रडायलाच लागली. "पुण्याच्या बाईले दिसते, रायपूरच्या मानसाले दिसते. माही आई आहे थे. मले काहून नाही दिसत?"

पोरीच्या डोक्यावर हात ठेवून मंगरू बसून राहिला आणि एका डोळ्यानं बायकोच्या पाठीकडं पाहत राहिला. खोटं कशाला सांगा, त्याला भीती वाटली नाही. सहा वर्षांनी त्याचं माणूस घरात आलं होतं. त्या दिवशी तो जेवलासुद्धा टेबलाशीच.

भीती वाटली ती दुसऱ्या दिवशी. तिचा हात कालच्यापेक्षा दोन बोटं खाली आला होता.

तिसऱ्या दिवशी आणखी दोन बोटं, आणि अंग डावीकडं कललेलं. तुळसा थकत होती. थकलेली बाई तिपायी झालेल्या स्टुलावरून कुठं जाते, हे मंगरूइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्याच दुपारी शकुंतलाबाई आल्या. बसल्या नाहीत, पाणीही घेतलं नाही. त्यांच्या गटातल्या दोघी बायांना मोबाइलवर ती दिसली होती आणि एकीनं मागावर बसायचं सोडलं होतं. "पेंटरभाऊ, राग नका मानू. लोकं लग्नाले साडी घेते. लग्नाच्या साडीमांगं असं कोनी उभं असनं नाही चालत. सोमवारपावतर रंग बदलवा. नाही तं मले साइट बंद करा लागन, अन् काम नागपूरले द्या लागन."

त्या गेल्यावर तृप्ती म्हणाली, "मी आत्ता बदलवते बाबा. साय-रंग टाकते. एक मिनिटाचं काम आहे."

"थांब!" मंगरू एवढ्या जोरानं ओरडला की दारातलं कुत्रं उठून गेलं. "एक डाव मारला तिच्यावर साय-रंग. अर्ध्या कामावर मारला. म्हनून तं थे उभी आहे अजून. आता दुसऱ्यांदा नाही मारू देनार."

"मंग काय करू? काम गेलं तं जाऊ द्या. पन थे पडली तं?"

मंगरूनं पडद्याकडं पाहिलं. रंग तसाच ठेवावा तर ती पडणार, आणि त्याला ते पुन्हा पाहावं लागणार, या खेपेला नव्या स्वच्छ डोळ्यानं. रंग पुसावा तर ती पुन्हा पुसली जाणार. आणि तिसरी वाट होती ती त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होती. फक्त त्या वाटेनं गेलं की ती कायमची जाणार होती, हेही माहीत होतं. भिंत वाळली की रंगवणारा माणूस कुचा धुतो आणि घरी जातो.

"चुना भिजव," तो म्हणाला.

"डॉक्टरनं काय सांगतलं? चुन्याचा एक थेंब गेला तं डोळा जाईन तुमचा."

"जाऊ दे. मले थोच डोळा दाखवून राहिला ना तिले? मंग त्यानंच काम करावं."

शेवटी बापलेकीची तडजोड झाली, खरवडायचं तिनं, रंगवायचं त्यानं. चुना दोन दिवस भिजला. भिंत खरवडली तृप्तीनं, तोंडाला ओढणी बांधून. डिस्टेंपर चुन्यावर कधी धरत नाही. त्याचे हातहात लांब पापुद्रे सुटून आले आणि आतून भिंत निघाली. फिकी निळी, पारवी, आणि तिच्यावर कुच्याचे फराटे, सगळे खालून वर गेलेले. एका ठिकाणी चार बोटं उमटली होती, आधाराला टेकलेली. तृप्तीनं त्या बोटांवर आपली बोटं ठेवली आणि पुष्कळ वेळ काढलीच नाहीत. वर, आढ्याखाली दोन हातांचा पट्टा कोरा होता, आधीच्या सालचा चुना ओलीनं झडून मातीच्या रंगाचा झालेला.

चुन्यात पेज पडली, नीळ पडली. मूठभर आणखी काहीतरी, ते मात्र कुणालाच माहीत नव्हतं. मंगरू बादलीपुढं बसून राहिला. मग उठला, परसात गेला, तुळसाच्या बंद पडलेल्या चुलीतली मूठभर राख घेऊन आला आणि टाकली. बरोबर होती की चूक, कोण सांगणार? नखावर ठिपका घेतला. सावलीत पाहिला, उन्हात पाहिला. दिवेलागणीपर्यंत थांबला नाही.

तो चष्मा घट्ट करून, वर प्लास्टिक बांधून स्टुलापाशी आला. पहिला पाय ठेवला. मग थांबला.

"तृप्ती, स्टूल धर."

तिनं दोन्ही हातांनी धरलं, अगदी छाती टेकवून. मंगरू चढला. कुचा तुळसाचाच, माळ्यावर सहा वर्षं पडलेला. त्यानं पट्टा तिच्यासारखा रंगवला, खालून वर. ओघळ आले. ते त्यानं पुसले नाहीत. खाली उतरला तेव्हा तृप्तीच्या हातांना स्टुलाच्या कडेचे वळ पडले होते. "मी सोडलं नाही बाबा," ती म्हणाली.

वरचा पट्टा गडद होता, खोल पाण्यासारखा. खालचा फिका. मंगरू भिंतीपुढं सतरंजी टाकून बसला. त्याला ते वाळताना पाहायचं होतं. दुपार कलली, सकाळ झाली, दुसरी दुपार आली. गडदपणा कडेकडेनं ओसरत गेला आणि एका घटकेला जुनं कुठं संपतं आणि नवं कुठं सुरू होतं ते त्याच्या नव्या डोळ्यालाही सांगता येईना.

"घे आता," तो म्हणाला.

तृप्तीनं भिंतीचा फोटो काढला, नंबर काढला, जुना खोडून नवा टाकला. कोसा आता आणखीच खुलला होता. फिक्या निळ्यावर त्याचा पिवळसर मऊपणा दुरूनही कळत होता, आणि अक्षरं शकुंतलाबाईंच्या तडकलेल्या मोबाइलवर भर उन्हात वाचता आली असती. रंग म्हणून पाहाल तर असा रंग चाळीस कोर्स करूनही सापडला नसता. मंगरूनं काळा चष्मा काढला. उजव्या डोळ्यानं पाहिलं. डाव्या डोळ्यानं पाहिलं. दोन्ही उघडून पाहिलं.

कुणी नव्हतं.

"गेली," तो म्हणाला. आणि साठी उलटलेला तो माणूस पोरीसमोर, आवाज न आवरता रडला. डॉक्टरनं रडायलाही मनाई केली होती, पण ते तृप्तीला आठवलं नाही.

सोमवारी शकुंतलाबाईंचा फोन आला. बाया मागावर परत बसल्या होत्या. दिवसभर कुठूनही तक्रार नाही. लोक साइटवर मिनिट-दोन मिनिटं थांबत होते, साडी घेत होते, जात होते. सगळं कसं जसं असावं तसं. मंगरू दिवसभर भिंतीकडं पाठ करून बसून होता. दुसरा डोळा करायचा नाही म्हणाला. आता पाहायचं काय राहिलं?

चारच्या सुमारास तृप्तीचा फोन वाजला. नाशिकच्या मंगलाबाई. सुनेसाठी आणखी एक साडी हवी होती. साडीचा नंबर सांगितला, पत्ता सांगितला. मग म्हणाल्या, "आणि बरं केलंत हो."

"काय, मॅडम?"

"त्या बाईंना बसायला सांगितलंत ते. मला रोज पाहवत नव्हतं. आता कशा निवांत बसल्यात, भिंतीला टेकून. दाराकडं पाहतायत. कुणाची वाट बघतायत वाटतं?"

फोन स्पीकरवर होता. मंगरूनं ऐकलं. तो उठला, आणि स्वयंपाकघरात गेला. आतून भांड्याचा आवाज आला, मग आल्याचा वास. तृप्तीनं दारातून डोकावलं तर बाप चहा गाळत होता. ओट्यावर कप तीन होते.

मग आतल्या खोलीच्या दिशेनं, जिथं कुणीच त्याला हाक मारली नव्हती, मंगरू म्हणाला, "आलोच."

आणि दोन कप घेऊन गेला. तिसरा तृप्तीसाठी ओट्यावर ठेवला होता.